दुभाष्याची कैफियत

नगरपालिकेने मला एका दिवसाच्या रोजावर घेतलं होतं.
डोंगरावरच्या बाया बोलतील, तू ते खाली आण, म्हणाले.
खाली आण. हेच शब्द.
या गावात सगळं खालीच येतं,
जस्ताचं खनिज, धूळ, धुवायला नेलेल्या चादरी.
वर फक्त पाणी जायचं असतं,
तेही बायांच्या पाठीवर.

दोन्या बासिलिया कोल्के. हॅट काढली नाही.
टेबलापलीकडे सात सभासद, सात पेले, काठोकाठ.
तिने पेल्यांकडे पाहिलं आणि त्यांचं नावही घेतलं नाही.
मी असतो तर घेतलं असतं.
मी शाळेत भाषणाची बक्षिसं मिळवलेला माणूस.

ती म्हणाली, आम्ही.
आम्ही मंगळवारी पहाटे तीनला नळाशी उभ्या.
आम्ही एका तासात आठवडा भरून घेतो.
आम्ही पोराचं तोंड धुतलेलं पाणी
बटाट्यांना घालतो.
न्योखायकू, न्योखायकू, ती म्हणत गेली,
मी मागून स्पॅनिशमध्ये नोसोत्रोस, नोसोत्रोस.
लेखनिकाची पेन्सिल चालली होती,
कुणीतरी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत होतं.

मग ती थांबली.
आवाज चढवला नाही. उलट उतरवला,
झोपलेल्या पोराखालून हात काढून घ्यावा तसा.

सेन्योर उगार्ते, ती म्हणाली,
तुमची आई गेली, त्याच्या आठव्या दिवशी
तिचे कपडे नदीवर मी धुतले.
निळ्या स्वेटरच्या खिशात बडीशेपेच्या गोळ्या होत्या, चार.
त्या मी पाण्यात सोडल्या नाहीत.

आणि पुढचं वाक्य
तिने न्योखांचिकने सुरू केलं. आपण.
आपण मेल्यावरसुद्धा
आपल्याला पाणी लागतं.

आता मला सांगा हे कसं आणायचं खाली.
आमच्या भाषेत दोन घरं आहेत.
एकाच्या उंबऱ्याबाहेर ऐकणारा उभा असतो,
दुसऱ्यात त्याच्यासाठी
आधीच पोतं अंथरलेलं असतं.
स्पॅनिशमध्ये एकच शब्द.
दार उघडं की लावलेलं, बाहेरून कळत नाही.

मी तोंड उघडायच्या आत
उगार्तेंनी मान खाली घातली.
आणि सभागृहाला कळलं, यांना ही भाषा येते.
बावीस वर्षं ती त्यांनी
बुटातल्या खड्यासारखी सांभाळली होती,
ताठ चालत.

मी अडलो. पंखा फिरत होता.
शेवटी म्हणालो: आम्ही, म्हणजे तुम्हीसुद्धा.
अध्यक्ष म्हणाले, दुभाष्याने पदरचं घालू नये.
मी म्हटलं, साहेब, पदर तिचाच आहे.

ठराव त्या दिवशी झाला नाही.
पुढच्या महिन्यात झाला, एका मताने,
कुणाच्या ते सांगायला नको.
मंगळवारचे दोन तास झाले,
वर्षाने गुरुवारही मिळाला.
नळ अजून आधी खोकतो, मग हवा सोडतो,
मग मनात आलं तर पाणी.
इतिवृत्तात एकच ओळ आहे:
एका रहिवासी महिलेने पाण्याबाबत विनंती केली.
विनंती.

पायऱ्यांवर तिने विचारलं,
तिथे एवढा का अडखळलास?
म्हटलं, त्यांच्याकडे तो शब्द नाही.
ती गाठोड्याची गाठ पुन्हा बांधत राहिली बराच वेळ.
म्हणाली, अरेरे.
म्हणजे अख्खा जन्म त्याच्याविना काढतात?

मी खालच्या गल्लीत राहतो, नळ घरात आहे.
त्या संध्याकाळी उगाचच तिच्याबरोबर
चढावर चालत गेलो.
गाठोडं मागितलं.
तिने दिलं नाही.